खुरपे, ब्लोअर आणि डालड्याचा डबा

गोदावरीला पूर येण्याची चिन्हे दिसू लागली, की निफाड तालुक्यातील सायखेडा आणि शेजारच्या चांदोरी परिसरात नदीकाठच्या शेतकऱ्यांची पहिली धावपळ होते ती पाण्याच्या मोटारी वर काढण्यासाठी. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये या गावांत पुराचे पाणी शिरले होते. अशा वेळी खुरपे, विळा किंवा छाटणीची कात्री यांची चिंता कोणी करीत नाही. ती पाटीत टाकून उचलता येतात. किमती यंत्र मात्र घरात येताना आपली काळजीही बरोबर घेऊन येते.

हत्यार आणि यंत्र यांतील खरा फरक किमतीचा नसून देखभालीचा आहे. खुरप्याची धार गेली, तर दगडावर घासून ती पुन्हा आणता येते. मूठ सैल झाली, तर गावच्या लोहाराकडे काम भागते. बलुतेदारीच्या काळात या दुरुस्तीचा मोबदला धान्याच्या रूपाने दिला जाई. यंत्र बिघडले, की सुटा भाग, जाणकार कारागीर आणि वेळ या तिन्ही गोष्टी बाहेरून आणाव्या लागतात. द्राक्षबागेत तर वेळच सर्वांत महाग. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि फवारणीचा ब्लोअर नेमका त्याच दिवशी बंद पडला, तर डाऊनी हा रोग दुरुस्तीची वाट पाहत थांबत नाही.

तासाचा हिशेब

यंत्र महाग की स्वस्त, हे त्याच्या किमतीवरून ठरत नाही. ते वर्षातून किती तास चालते, यावरून ठरते. समजा, एखादे यंत्र ४ लाख रुपयांना घेतले आणि ते ८ वर्षे टिकले. घसाऱ्यापोटी वर्षाला ५० हजार रुपये आणि व्याजापोटी सरासरी २० हजार रुपये धरले, तर यंत्र जागेवर उभे असतानाही वर्षाला ७० हजार रुपये खर्च होतात. ते १०० तास चालले, तर इंधनाखेरीज तासाला ७०० रुपये पडतात. ५०० तास चालले, तर १४० रुपये. तेच यंत्र इंधन सोडून तासाला ४०० रुपये भाड्याने मिळत असेल, तर वर्षाला १७५ तासांहून अधिक काम असल्याशिवाय विकत घेणे परवडत नाही. अर्थात, ऐन हंगामात सर्वांनाच ते एका वेळी हवे असते, ही भाड्याची मोठी अडचण. म्हणूनच हिशेबात न बसणारी यंत्रेही अनेक दारांत उभी दिसतात.

नव्या यंत्राविषयी धास्ती मात्र आजची नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता. पहिले नांगर खपायला बराच काळ जावा लागला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे हाच नांगर महाराष्ट्रभर रुळला. लोखंडी नांगराचा झिजलेला फाळ बदलून पुन्हा काम सुरू करता येत होते, हे त्याच्या स्वीकारामागचे एक कारण मानता येईल.

रिकाम्या डब्याचे मोल

घरातील वेष्टनांनाही हाच न्याय लागू होतो. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडा वनस्पती तुपाचा पिवळा डबा त्यावरील ताडाच्या झाडासह दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात आहे. तूप संपल्यावर त्याचे दुसरे आयुष्य सुरू होई. कडा ठोकून घेतल्या, की त्यात डाळ, शेंगदाणे, गूळ राही. गंज चढला, की माती भरून तुळस लागे. तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा तर वरचा पत्रा कापून, आडवी दांडी बसवून पाणी वाहायला कामी येई.

हा डबा टिकण्याचे कारण साधे आहे. पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथिलाचा मुलामा दिलेला असतो. मुलामा शाबूत आहे तोवर हवा व ओल पोलादापर्यंत पोहोचत नाही. ओरखडा पडला, की तेथून गंज धरतो. पुढे प्लॅस्टिकची पिशवी वजनाला हलकी, वाहतुकीला सोपी आणि किमतीला कमी ठरली व डबा मागे पडला. पार्ले-जी बिस्किटाचे मेणकागदी वेष्टनही असेच गेले.

नव्या वेष्टनाचे काम कमी दर्जाचे आहे, असे मात्र नाही. निर्यातीच्या द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेला कागदी पॅड हळूहळू गंधकाचा वायू सोडतो आणि बुरशी रोखतो. त्यामुळेच समुद्रमार्गे आठवडे प्रवास करूनही घड ताजे राहतात. वेफर्सच्या चकचकीत पिशवीतील धातूचा थर हवा व ओल बाहेर ठेवतो. परंतु प्लॅस्टिक आणि धातू असे एकजीव झाले, की ते वेगळे करणे अवघड जाते. परिणामी भंगारवाला डबा घेतो, ही पिशवी घेत नाही. ती ओढ्या-नाल्यांत साचते आणि पावसाळ्यात पाण्याची वाट अडवते.

वेष्टनाची किंमत ग्राहक मालाच्या किमतीतच मोजत असतो. पूर्वी त्या पैशांत घराला एक भांडे मिळे. आता माल अधिक सुरक्षित येतो, पण भांडे मिळत नाही आणि कचरा उचलण्याचा खर्च नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या, म्हणजे पुन्हा नागरिकांच्याच, माथी बसतो. डालड्याचा डबा परत येणार नाही. मात्र यंत्र घेताना ते वर्षाला किती तास चालेल आणि बिघडल्यास कोण दुरुस्त करील, तसेच वस्तू घेताना तिचे वेष्टन नंतर कुठे जाईल, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.