लबाडी उघडी पडेपर्यंत मुदत संपते

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या आणि सगळ्यांनी पहिला हिशेब मांडला तो पीएफ किती कापला जाणार आणि हातात किती उरणार, याचा. खराडीच्या ईऑन आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्यांनी एवढ्यावर थांबू नये. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानांत लवादाचं कलम आहे का, तेही एकदा पाहावं. वाद झालाच तर तो कोर्टात नव्हे, लवादापुढे सुटेल, असं ते सांगतं.

हे कलम सगळ्यांना बांधत नाही. जे वाद कायद्याने कामगार न्यायालयांकडे सोपवले आहेत ते लवादाकडे नेता येत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये किंगफिशरच्या वैमानिकांच्या प्रकरणात सांगितलं. ह्युंदाई ऑटोएव्हर कंपनीने बडतर्फ कर्मचाऱ्याला लवादात ओढलं, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पाच लाखांचा खर्च भरायला लावला. नव्या संहितेतही तांत्रिक काम करणारा ‘कामगार’च आहे, त्यामुळे पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाला महत्त्व. खरा प्रश्न उरतो तो खरोखरच्या व्यवस्थापकांचा आणि बाँड, लॉक-इनच्या भांडणांचा.

तिथे लबाडीला वाव आहे. मागची तारीख टाकलेला ‘पीआयपी’ (कामगिरी सुधारण्याचा आराखडा), मधली दोन वाक्यं गाळलेला ईमेल, किंवा उमेदवाराने जोडलेलं बनावट अनुभव प्रमाणपत्र. खोटेपणा ही काही एकट्या एचआरची मक्तेदारी नाही. कोर्टात ईमेलची प्रिंट द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार हॅश व्हॅल्यूसह प्रमाणपत्र जोडावं लागतं. हा अधिनियम लवादापुढच्या कामकाजाला लागू नाही. मूळ फाइल हेडरसकट मागायची, तर ती आपणच आग्रहाने मागायला हवी.

समजा, खोट्या पुराव्यावर निवाडा झाला. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ मध्ये सुरुवातीपासून स्पष्टच लिहिलं आहे की, फसवणुकीने प्रभावित झालेला निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरतो आणि रद्द होऊ शकतो. लवादाचं ठिकाण पुणे असेल तर अर्ज शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात करायचा. पण मुदत निवाडा हाती पडल्यापासून तीन महिने. सबळ कारण दिलं तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एकही नाही.

फसवणूक पाचव्या महिन्यात कळली तर? साध्या दाव्यात मुदत कायद्याचं कलम १७ मदतीला येतं आणि मुदत फसवणूक कळल्यापासून मोजली जाते. कलम ३४ च्या अर्जाला मात्र ही सवलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं. लपवणाऱ्याने चार महिने तग धरला की तो सुटला.

एक फट आहे, तीही सत्यमच्या घोटाळ्यामुळे पडलेली. व्हेंचर ग्लोबल या भागीदार कंपनीविरुद्ध २००६ मध्ये सत्यमच्या बाजूने निवाडा लागला होता. त्याला आव्हान देणारं प्रकरण कोर्टात चालू असतानाच ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं घोटाळ्याचं कबुलीपत्र आलं. नंतर उघड झालेल्या या गोष्टी नोंदीवर आणायला सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये परवानगी दिली. पण पुढे २०१७ मध्ये निवाडा टिकवायचा की नाही, यावर दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. यातून घ्यायचा धडा असा: अर्ज आधीच दाखल असेल तर नवा पुरावा आत येऊ शकतो. अर्जच नसेल तर पुरावा कितीही भक्कम असो, दारच बंद.

इंग्लंडमध्ये तर मुदत अवघी २८ दिवसांची. तरी पी अँड आयडी या कंपनीने नायजेरियाविरुद्ध मिळवलेला, व्याजासह सुमारे ११ अब्ज डॉलरचा निवाडा लंडनच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये फसवणुकीच्या कारणावरून उलथवला. नायजेरियाला काही वर्षांचा उशीर झाला होता, पण तिथल्या न्यायाधीशांना मुदत वाढवण्याचा अधिकार आहे.

आपल्या न्यायाधीशांना तो ३० दिवसांपलीकडे नाही. निवाडे झटपट अंतिम व्हावेत हा युक्तिवाद दोन कंपन्यांच्या वादात पटतो. पण नोकरीच्या वादात ईमेल, हजेरी, सर्व्हर सगळं एकाच बाजूच्या ताब्यात असतं आणि नोकरी गेली की लॅपटॉपही परत जातो. अशा वेळी ‘फसवणूक असेल तर मुदत ती कळल्यापासून’ एवढी एक ओळ कलम ३४ मध्ये घालायला काय हरकत आहे? तोवर ज्याला शंका आहे त्याने पुराव्याची वाट पाहत बसू नये. तीन महिन्यांच्या आत अर्ज टाकून मोकळं व्हावं.