विषारी रॉकेटं नष्ट कशी करतात? केंटकीच्या गावकऱ्यांनी लष्कराला पद्धतच बदलायला लावली

साधा जुना बॉम्ब लांब नेऊन उडवून देता येतो. पण आत सरीन भरलेलं असेल तर? या विषाने श्वास बंद पडून माणूस दगावू शकतो. अमेरिकेत केंटकी राज्यात रिचमंड गावाजवळ लष्कराचा ब्लू ग्रास डेपो आहे. तिथे असल्या विषांचा सुमारे 475 टन साठा पडून होता. काही रॉकेटं तर गळायलाही लागली होती.

पूर्वी सरळ समुद्रात बुडवायचे. 1970 मध्ये फ्लोरिडाच्या बाजूला समुद्रात सरीनच्या रॉकेटांसकट एक अख्खं जहाज बुडवलं गेलं! पुढे लष्कराने भट्टीत जाळायचं ठरवलं. 1984 मध्ये ही योजना रिचमंडच्या लोकांसमोर आली, तेव्हा लोकांनी एकच विचारलं: चिमणीतून बाहेर काय पडणार? डेपोच्या शेजारी शाळा होती. लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 1996 मध्ये अमेरिकी संसदेने न जाळता विष मारायचे मार्ग शोधायला लावले.

मार्ग तसा समजायला सोपा आहे. बंद खोलीत यंत्रं रॉकेटला भोक पाडून विष काढून घेतात. माणूस जवळ जात नाही. मग ते विष गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्यात घोळवतात. साबण बनवायला वापरतात तोच हा सोडा. त्यात सरीनचे रेणू तुटतात. उरलेलं पाणी तपासूनच पुढे जातं, कारण ते सरीन नसलं तरी घातक कचरा असतोच.

मस्टर्डचं वेगळं. नाव मोहरीचं असलं तरी मोहरीशी संबंध नाही. कातडीवर फोड आणणारं हे रसायन आहे. कोलोरॅडोत प्वेब्लो इथे ते गरम पाण्याने निकामी केलं आणि उरलेलं सांडपाणी जिवाणूंना खायला घातलं. ब्लू ग्रासमधल्या तोफगोळ्यांत मात्र ते घट्ट होऊन बसलं होतं, निघेचना. ते गोळे शेवटी बंद पोलादी कक्षात तापवून फोडावे लागले.

भारताकडेही 1,044 टन मस्टर्ड होतं. करारानुसार आपण ते जाहीर केलं आणि 2009 मध्ये संपवलं. अमेरिकेची 2012 ची मुदत हुकली. नवी मुदत होती 30 सप्टेंबर 2023. ब्लू ग्रासमधलं शेवटचं रॉकेट 7 जुलैला निकामी झालं.