विमानाचे थोरले इंजिन आणि धाकटे इंजिन

पुणेकरांना विमानाचे अप्रूप आता राहिलेले नाही. लोहगावच्या तळावरून उडणाऱ्या सुखोई विमानांचा गडगडाट येरवडा-विमाननगरच्या रहिवाशांच्या चांगलाच अंगवळणी पडला आहे. त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानेही ये-जा करतात, आणि त्यांत बसून दिल्लीला किंवा बंगळुरूला जाणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. परंतु ज्या यंत्राच्या भरवशावर आपण दहा किलोमीटर उंचीवर निर्धास्तपणे चहा पितो, त्या यंत्राचा परिचय मात्र फार थोड्यांना असतो. तो करून घ्यावा, त्यात अलीकडे कोणत्या सुधारणा झाल्या हे पाहावे, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर कोणती नवी जोखीम पदरात पडते याचाही विचार करावा, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

मूळ तत्त्व सोपे आहे. लोहार भात्याने निखाऱ्यावर वारा घालतो, तेव्हा आग फुलते. विमानाच्या इंजिनात पुढच्या बाजूला असाच एक अखंड चालणारा भाता असतो. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. तो हवा आत ओढून तिला दाबतो. दाबलेल्या हवेत इंधन जाळले की ती प्रसरण पावून मागच्या बाजूने जोराने बाहेर पडू पाहते. बाहेर पडता पडता ती एक पात्यांचे चक्र फिरवते. हेच टर्बाइन. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर एकाच दंडावर बसवलेले असल्याने मागचे चक्र पुढचा भाता चालवते, आणि उरलेल्या जोराने विमान पुढे रेटले जाते. इंग्लंडच्या फ्रँक व्हिटल यांनी १९३० साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९३७ च्या एप्रिलात असे इंजिन प्रत्यक्ष चालवून दाखवले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनावर पहिले जेट विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले.

आता चौकस श्रोता विचारील की, टर्बाइन फिरल्याशिवाय भाता चालत नाही, आणि भाता चालल्याशिवाय टर्बाइन फिरत नाही. मग आरंभ कोणी करायचा? शंका अगदी रास्त आहे. थोरले इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. त्याला आधी दुसऱ्या कोणीतरी फिरवून द्यावे लागते. पूर्वी हे काम विमानतळावरील गाडी करीत असे. पण जेथे अशी गाडी नाही तेथे उतरलेले विमान पुन्हा उडायचे कसे? या अडचणीतून विमानाच्या शेपटीत एक धाकटे टर्बाइन बसवण्याची प्रथा पडली. लहान धावपट्ट्यांसाठी बांधलेल्या बोइंग ७२७ या विमानाने, म्हणजे १९६३-६४ च्या सुमारास, प्रवासी जेट विमानांत ती रुळवली. बॅटरीने धाकटे इंजिन सुरू करावयाचे आणि धाकट्याने थोरल्याला फिरवावयाचे, असा हा क्रम आहे. काडीने काकडा पेटवावा आणि काकड्याने बंब, तसाच हा प्रकार.

धाकट्याचे काम एवढ्यावर संपत नाही. एप्रिल-मे महिन्यांत लोहगावला विमानात बसल्यावर, मोठी इंजिने बंद असतानाही जी गार हवा अंगावर येते आणि जे दिवे लागलेले असतात, ते पुष्कळदा या शेपटीतल्या यंत्रामुळे. आणि प्रसंगी त्याची किंमत प्राणांइतकी ठरते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या एका विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले व दोन्ही निकामी झाली. कप्तान सलनबर्गर यांनी आरंभीच जी कामे केली, त्यांत हे धाकटे इंजिन सुरू करणे हे एक होते. त्यामुळे विमानाचा वीजपुरवठा टिकला, सुकाणूची यंत्रणा पूर्ण ताकदीने हाताशी राहिली, आणि हडसन नदीवर उतरलेल्या त्या विमानातले सर्व १५५ जण वाचले.

मात्र हा धाकटा मोठा खादाड आहे. १८० आसनांच्या विमानात तो जमिनीवर उभ्या उभ्या ताशी सुमारे १०० किलो इंधन फस्त करतो. याचे एक कारण त्याच्या लहानपणातच आहे. पात्याचे टोक आणि भोवतालचे कवच यांच्यामध्ये थोडी फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीतून दाबलेली हवा निसटते. यंत्र लहान केले म्हणून फट त्या प्रमाणात लहान होत नाही. मोठ्या हंड्याच्या झाकणाला जेवढी फट, तेवढीच लहान पातेलीच्या झाकणाला ठेवली, तर वाफ कोणाची अधिक वाया जाईल हे गृहिणींना सांगावयास नको. म्हणून सुधारणा दोन दिशांनी झाल्या. एक, विमान उभे असताना त्याला विमानतळाचीच वीज आणि गार हवा जोडून धाकट्याला विश्रांती द्यावयाची. दुसरी, त्याच्याकडून दाबलेली हवा मागावयाचीच नाही. केवळ वीज घ्यावयाची आणि थोरली इंजिनेही विजेनेच सुरू करावयाची. बोइंग ७८७ विमानात ही दुसरी रीत अवलंबिली आहे.

आता थोरल्याकडे वळू. त्याच्या सुधारणेचा सारा इतिहास म्हणजे उष्णतेशी चाललेली झुंज होय. वायू जितका अधिक तापवावा तितके त्याच इंधनात अधिक काम मिळते, हा पदार्थविज्ञानाचा नियम. परंतु टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूची, आणि तो धातू साधारण १,३०० ते १,४०० अंश सेल्सिअसला वितळतो. आजच्या इंजिनांतला वायू त्याहूनही तप्त असतो. म्हणजे पाती आपल्या वितळणबिंदूपलीकडच्या वणव्यात फिरत असतात, आणि फिरण्याच्या वेगामुळे लहानशा पात्यावरही कित्येक टनांचा ओढा पडत असतो. ती टिकतात कशी?

याला तीन उपाय सापडले. पहिला असा की, पाते आतून पोकळ करावयाचे आणि भात्याकडची थोडी हवा त्यातून खेळवून बारीक छिद्रांवाटे बाहेर सोडावयाची. ही हवाही तशी पोळणारीच, पण बाहेरच्या वणव्यापुढे थंडच. तिचा पातळ पदर पात्याभोवती ढालीसारखा राहतो. दुसरा उपाय म्हणजे पात्यावर चिनी मातीच्या जातीचा लेप. तिसरा उपाय सर्वांत नवलाचा. सामान्य धातू हा असंख्य कणांचा बनलेला असतो आणि उष्णतेत ताण पडला की तो या कणांच्या सांध्यांत उलतो. रव्याचा लाडू दाबला की फुटतो तो रव्याच्या कणांच्या मधूनच. खडीसाखरेच्या अखंड खड्याला असे सांधेच नसतात. त्याच न्यायाने संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओतण्याची विद्या निघाली. ही विद्या जगातील थोड्याच देशांना अवगत आहे, आणि ती कोणी कोणाला सहजासहजी देत नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती तयार करून २०२१ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या हवाली केली, या बातमीचे मोल यावरून ध्यानात यावे.

प्रवासी विमानांत आणखी एक सुधारणा झाली. थोडी हवा फार वेगाने मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने ढकलणे अधिक काटकसरीचे असते. म्हणून पुढे प्रचंड पंखा बसवून बरीचशी हवा आतल्या आगीला वळसा घालून मागे नेतात. पण मोठ्या पंख्याला सावकाश फिरणे मानवते, तर टर्बाइनला भरधाव. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने दोहोंच्या मध्ये गियर बसवून ही सासू-सुनेची तक्रार मिटवली. पंख्याच्या एका फेऱ्यामागे टर्बाइन तीन फेरे घेते. इंधनाची बचत शेकडा १५ च्या घरात गेली, आवाजही उतरला.

परंतु निसर्ग कोणतीही सवलत फुकट देत नाही. याच इंजिनांच्या टर्बाइनची शेवटची पाती वजनाने हलक्या अशा टायटॅनियम-ॲल्युमिनियमच्या संयुगाची होती. ती तुटण्याचे प्रकार घडू लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोच्या ९७ विमानांवरची अशी इंजिने बदलण्याचा आदेश दिला, आणि नवी पाती पुन्हा जुन्या, जड परंतु विश्वासू अशा निकेल-मिश्रधातूची आली. पुढे जुलै २०२३ मध्ये आणखी एक दोष जाहीर झाला. चक्रांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत सूक्ष्म अशुद्धी राहून गेली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या कणापासून तडा सुरू होऊ शकतो. तपासणीसाठी जगभर शेकडो विमाने उभी करावी लागली. त्याआधीच मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही कंपनी, इंजिने वेळेवर मिळत नाहीत असे कारण देऊन, बंद पडली होती. पुण्याहूनही तिची विमाने जात असत. तिकिटाचे पैसे अडकलेले सद्गृहस्थ या सभागृहातही असतील.

आता पुन्हा आपल्या सुखोईकडे येऊ. सुखोई-३० एमकेआय हे विमान भारतीय हवाई दलात २००२ साली लोहगावलाच दाखल झाले. त्यातील दोन इंजिने एएल-३१एफपी या जातीची, रशियन आराखड्याची. मार्च २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी संसदेत माहिती दिली की, इंजिनांच्या बिघाडाचे ६९ प्रसंग तपासले असता त्यांतील ३३ बिघाडांचे मूळ सदोष बेअरिंगमध्ये निघाले. बेअरिंगचा पृष्ठभाग थकून झिजे आणि धातूचे बारीक कण वंगणाच्या तेलात मिसळत. बैलगाडीच्या आखाला वंगण नसेल तर काय होते हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. येथे वंगण होते, पण त्या वंगणातच कचकच आली. उत्पादकांनी निर्मितीत नऊ सुधारणा सुचवल्या. वंगण अधिक चांगले पोहोचावे आणि तेलाच्या प्रतीकडे बारकाईने लक्ष दिले जावे, हाच या साऱ्याचा रोख होता. पाहा, ज्या यंत्राची शक्ती १२,५०० किलोंचा रेटा देण्याइतकी, त्याचा घात केसापेक्षा लहान कणाने व्हावा! आणि तो कण वेळीच सापडतो तो तेलाचा नमुना काचेखाली धरणाऱ्या तंत्रज्ञाला. वैमानिकाचे प्राण त्याच्या चोखपणावर अवलंबून असतात.

या सर्वांत पुण्याचा व महाराष्ट्राचा वाटा काय? तो आहे, आणि वाढतो आहे. चाकण येथील जीई कंपनीच्या कारखान्यात, जो फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाला, जगभरच्या प्रवासी विमानांच्या इंजिनांचे भाग तयार होतात. १९६१ साली स्थापन झालेली मुंढव्याची भारत फोर्ज मोटारींच्या घडीव दंडांवरून विमानांच्या टायटॅनियमच्या भागांपर्यंत येऊन पोहोचली आहे. सुखोई विमानांची जुळणी नाशिकजवळ ओझरला झाली. त्यांची इंजिने ओडिशातील कोरापुटला होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अशा २४० इंजिनांचा, २६,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा करार झाला आहे.

तथापि, दुसऱ्याच्या आराखड्यावरून भाग घडवणे ही एक विद्या, आणि इंजिनाची मूळ कल्पना करून ते सिद्धीस नेणे ही दुसरी. धाकट्या इंजिनाच्या बाबतीत आपण दुसऱ्या विद्येतही पाऊल टाकले आहे. तेजस विमानाचे मोठे इंजिन अमेरिकन असले, तरी त्याला सुरू करणारे जीटीएसयू-११० हे लहान टर्बाइन हिंदुस्थान एरोनॉटिक्सने स्वतः रचलेले आहे. थोरल्याची गोष्ट अवघड आहे. १९८९ साली हाती घेतलेले कावेरी इंजिन तेजसला पुरेल एवढी ताकद देऊ शकले नाही. त्याची थट्टा करणे सोपे. पण वर सांगितलेल्या हकीकती आठवल्या, तर शंभर वर्षांच्या अनुभवी कंपन्यांनाही पाते आणि भुकटी यांनी कसे जमिनीवर आणले हे दिसते. या विद्येत मोडलेले प्रत्येक पाते हा एक धडा असतो, आणि तो धडा ज्याने आपल्या हाताने पाते मोडून पाहिले त्यालाच मिळतो. असे धडे गिरवण्यासाठी लागणारा पैसा आणि वेळ आपल्या तरुण इंजिनियरांना द्यायला आपण तयार आहोत काय, हा प्रश्न केवळ सरकारचा नाही. कारखानदारांचा, महाविद्यालयांचा आणि मुलांना कोणता व्यवसाय निवडावा याचा सल्ला देणाऱ्या तुम्हा-आम्हा पालकांचाही तो आहे.