निसवणीची वेळ

आश्विन लागावा, पावसाने उघडीप द्यावी, आणि राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणीच्या खोऱ्यात बांधावर उभे राहून नुकत्याच निसवलेल्या आंबेमोहराची एक लोंबी सकाळी दहाच्या सुमारास डोळ्यांजवळ धरावी, म्हणजे गवताच्या कुळातील या वनस्पतीचा पुष्पविलास किती मितव्ययी आहे, हे ध्यानात येते. तुसाची दोन टरफले किंचित विलग होतात, केसाएवढ्या तंतूंवर सहा फिकट पिवळे पुंकेसर बाहेर लोंबतात, आणि पराग बहुधा त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. वाऱ्याला देण्यापुरतेही फारसे उरत नाहीत.

या भाताला नाव मिळाले आंब्याच्या मोहराच्या सुवासावरून. स्वभाव मात्र नेमका उलटा! रात्रीचा पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरला, की आंब्याच्या जून फांदीच्या शेंड्यावर पालवीऐवजी मोहर फुटतो. भात पोटरीत असताना रात्री वीस अंशांच्या बऱ्याच खाली गेल्या, तर पराग वांझ होतात. उलट ऐन फुलताना पस्तीस अंशांपलीकडचे ऊन तासभर लागले, तरी दाणा पोचट राहतो.

ज्या मावळात एकाच महिन्यात ऊन, धुके आणि गारठा हजेरी लावून जातात, तेथे उष्म्याच्या भरवशावर फुलणे म्हणजे लहरी अंमलदाराच्या मर्जीवर सारा भरण्यासारखेच. म्हणून जुन्या उंच भातजातींपैकी बहुतेकींनी आपला मुहूर्त दिनमानाशी बांधला. भोरच्या अक्षांशावर जूनमधला सुमारे तेरा तासांचा दिवस डिसेंबरात अकरा तासांवर येतो. हा फरक अल्प खरा, परंतु तो दरसाल त्याच तारखांना रुजू होतो. वनस्पती दिनमान मोजतात, हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी संशोधकांनी १९२० साली दाखविले.

दिवस मोजते पान, फुलतो शेंडा. मग हुकूम पोहोचवितो कोण? सोव्हिएत शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३७ साली त्या अज्ञात द्रव्याला ‘फ्लोरिजेन’ म्हटले, आणि भातातला हा जासूद म्हणजे एक प्रथिन होय, हे जपानी संशोधकांनी २००७ साली सिद्ध केले. मराठेशाहीत दप्तराचा कारभार पाहणाऱ्या पंतसचिवांच्या भोरात एवढे सांगायला हरकत नाही, की लिहिलेला प्रत्येक हुकूम लगेच रवाना होतो असे नाही. मोहरीच्या कुळातील अ‍ॅरॅबिडॉप्सिस या रोपात, थंडी पडली की असेच प्रथिन पानातील पेशींच्या पटलांना चिकटून राहते आणि फुलणे लांबते, असे २०२१ साली कोरियातील संशोधनात आढळले.

वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला ‘इंद्रायणी’ हा नवा भात आज भोर-वेल्ह्याच्या खाचरांत सर्रास दिसतो. त्याच्या वंशात आंबेमोहर-१५७ आहे, तसाच दिनमानाला फारसा न जुमानणारा आयआर-८ देखील आहे. अशा जातींचे निसवणे बव्हंशी पेरणीच्या तारखेवर ठरते. पेरणी चुकली, तर निसवण उन्हात किंवा गारठ्यात सापडते. माझ्या मते आपल्या शेतकऱ्याने जुन्या जातींचा एखादा वाफा राखावा, तो केवळ सुवासासाठी नव्हे.

कोणत्याही जातीच्या पदरी अखेरचा एक बचाव उरतोच. दुपारचे ऊन चढण्यापूर्वी फूल उमलते, तासाभरात तूस मिटते, आणि ते पुन्हा उघडत नाही.