रेड वाईनसाठी द्राक्ष लावताय? आधी हे पाहा

कडवंचीमुळे जालन्याचे खाण्याचे द्राक्ष सर्वांना माहीत आहे. ‘काळे द्राक्ष आहेच, मग रेड वाईन का नको?’ असे बागायतदार विचारतात. वाईनचा रंग व तुरटपणा साल-बियांतून येतो. जिबरेलिक आम्लाने फुगवलेल्या, बिनबियांच्या शरद सीडलेसमध्ये गराच्या मानाने साल कमी. शिराझ, कॅबरने सॉव्हिनॉनचे मणी लहान, बियांचे. वाईन स्वस्त करायची तर ओकच्या पिंपाऐवजी स्टीलची टाकी चालते. द्राक्षात तडजोड चालत नाही. अडचण विक्रीची! हे मणी खायला कोणी घेत नाही आणि बहुतेक वायनऱ्या नाशिककडे. म्हणून ब्रिक्सनुसार दर, तोडणी व वाहतूक लेखी करारात ठरल्याशिवाय एकही काडी लावू नये.