मामा की मामी?

धार जिल्हा, कुक्षीकडची एक सरकारी शाळा. व्हरांड्यात तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीवर समुपदेशक ताई. माहेर देवासचं, घरी अजून पवारांच्या राजवटीतलं मराठी. दुसरीवर याच भागातले भिल समाजकार्यकर्ते, त्यांना सगळे भैया म्हणतात. तिसरी रिकामी. नववीतली मुलगी खांबाला टेकून उभीच आहे. दिवाळीनंतर आईबापाबरोबर गुजरातेत कापूस वेचायला गेली होती, आत्ता परतलीय.

भैया भिलीत विचारतात. शेत, बैल, धाकटा भाऊ, सगळ्याची उत्तरं येतात. मग ताई हिंदीत विचारतात, रात्री झोप लागते का? मुलगी गप्प. भैया लगेच उठतात आणि हापशाकडे जातात, तिथल्या पोरांशी उगाच गप्पा मारत बसतात. त्यांच्या कामातलं हे उठून जाणंच मला सगळ्यात अवघड वाटतं. घरच्या भाषेत जे तोंडातून निघत नाही, ते मोडक्यातोडक्या हिंदीत हळूहळू निघू लागतं.

बऱ्याच वेळाने ताई हापशापाशी येतात. ‘अत्याचाराचं काही नाही,’ हे पहिलं वाक्य. तसं असतं तर पॉक्सो कायद्याने गप्प राहताच आलं नसतं. ‘लग्न ठरवतायत. तिला शिकायचंय.’

‘अजून काय म्हणाली?’

‘ते तिचं माझ्यापाशी राहू दे.’

भैया चिडतात. ‘अर्धंच सांगाल तर बापापुढे मी काय बोलू?’

‘एवढंच बोला. घरी सांगायला तिनं एवढ्यालाच हो म्हटलंय.’

थोडा वेळ दोघंही बोलत नाहीत. मग भैया विचारतात, ‘दापा घेतलाय का?’ ताईंना कल्पना नाही. दापा म्हणजे मुलीच्या बापाला वराकडून मिळणारी रक्कम. ती घेऊन खर्च झाली असेल, तर 2006चा बालविवाह प्रतिबंधक कायदा वाचून दाखवून बाप ती परत कुठून देणार? भैया मोठ्यानेच हिशोब मांडू लागतात : वसतिगृहात जागा, दाप्याचे हप्ते, आणि बापाआधी मामाला भेटणं.

‘मामाकडे मी पण येते.’

‘नको मॅडम. तुम्ही आलात की त्यांना वाटेल सरकार आलं.’

ताईंना हे पटतं, आवडत नाही. ‘पण आधी तिला विचारते.’

त्या व्हरांड्यात जातात, मुलीशी दोन वाक्यं बोलतात आणि तिथूनच ओरडतात, ‘भैया, मामा नको म्हणतेय. मामीला भेटा!’