फाशीचा दोर आणि माघारी न येणारा जीव

पारावर एखाद्या भयंकर खुनाची गोष्ट निघाली, की कुणीतरी पटकन म्हणते, "असल्यांना भर चौकात फाशी द्या!" हा राग खोटा नसतो. ज्या घरातले माणूस जाते, त्या घराचे दुःख कोण मोजणार? पण हा शब्द तोंडातून काढण्यापूर्वी नाशिक जिल्ह्यातील ही हकिकत ऐका.

२००३ सालच्या जून महिन्यात नाशिकजवळ मळ्यात राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला. बायामुलींवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे पुढे सिद्ध झाले!

मग काय झाले? त्याच सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा तपासले. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चार जण ओळखून दाखवले होते, आणि त्यांच्यामागे तपास गेलाच नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. पण तुरुंगात गेलेली सुमारे सोळा वर्षे पैशाने कशी भरून यावीत? आणि मधल्या काळात फाशी झालीच असती, तर पैसे कुणाच्या हातात ठेवले असते?

सुक्याबरोबर ओलेही जळते, म्हणतात ते असे. शिवाय त्या मळ्यातल्या कुटुंबाला तरी न्याय कुठे मिळाला? चुकीच्या माणसाच्या गळ्यात दोर अडकवला, की खरा गुन्हेगार मोकळाच राहतो.

आपल्या राज्यघटनेचे २१ वे कलम सांगते, की कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीखेरीज कुणाचाही जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायद्यात राहू दिली, पण ती 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच द्यावी, असे बजावले. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्याकडे दयेचा अर्जही करता येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९४९ सालीच, घटना समितीत, फाशीची शिक्षाच रद्द करावी असे मत मांडले होते.

फाशी असावी की नसावी, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. तुम्हीही घरी बोला, वाद घाला. पण एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावेच लागते. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आणि गावात कुणावर आळ आला, तर तो परका, भटका, गरीब आहे एवढ्यावरून त्याला गुन्हेगार ठरवू नका. जे पाहिले तेवढेच सांगा. उद्या तुमच्या साक्षीवर एखाद्याचा जीव टांगलेला असेल.